भाव कोण लावतं?

(मंडळाच्या महिला विभागाच्या दुपारच्या सभेत आम्ही दोघींनी मिळून केलेलं भाषण. बोलण्यातलं थोडं आवरून छापायला दिलं आहे.)



आम्ही दोघी जावा. राजवाड्याच्या मागच्या बाजूला आमचं किराण्याचं आणि पूजासाहित्याचं जुनं दुकान आहे. तुमच्यापैकी निम्म्याजणी तिथे येतात, त्यामुळे ओळख करून देत बसत नाही. आमच्यातली एक हिशेब बघते, एक गल्ल्यावर बसते. विभागाने विषय दिला होता 'संगणकावरची दुकानदारी'. तो फार मोठा आहे. त्यातला एकच भाग आज घेतो: बिलिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये भावाचे नियम कसे बसवायचे. ऐकायला कोरडं वाटेल. पण ह्या एका विषयावरून आमच्या घरात जेवढे वाद झाले, तेवढे दोन लग्नांतल्या मानपानावरूनही झाले नव्हते.

मामंजींच्या काळी भाव मामंजींच्या डोक्यात असे. पोह्यांचंच घ्या. पोहे उज्जैनहून यायचे, आजही येतात. पण त्यांचे भाव चार. एक खेरचीचा, एक खानावळवाल्यांचा, एक केटररचा आणि एक देवळांचा-मंडळांचा. शिवाय माणूस बघून लावायचा तो पाचवा. काउंटरवरचा मुलगा तिथूनच विचारायचा, "बाबूजी, इनको क्या लगाऊँ?" मामंजी चष्म्यावरून बघायचे आणि आकडा सांगायचे. चाळीस वर्षं हे चाललं, आणि चांगलं चाललं. अडचण एवढीच की मामंजी जेवायला घरी गेले की भाव सांगणारं कोणी नसायचं. पुढे त्यांचं दुकानात येणंच कमी झालं, आमच्या दोघींच्या नवऱ्यांच्या नोकऱ्या, आणि दुकान आमच्याकडे आलं.

सॉफ्टवेअर विकणाऱ्याने सांगितलं, "भाव एकदा भरा, बाकी सगळं आपोआप." हे अर्धंच खरं आहे. वस्तूसमोर एक आकडा भरणं सोपं. पण सॉफ्टवेअरला नियम द्यायचा म्हणजे त्याला वाक्य पूर्ण करून सांगावं लागतं: ही वस्तू असेल, गिऱ्हाईक ह्या प्रकारचं असेल, माल इतक्या किलोच्या वर असेल आणि तारीख ह्या दोन तारखांच्या मधली असेल, तर हा भाव. 'माणूस बघून' असं तिथे लिहिता येत नाही. म्हणून आम्ही संगणकाला हात लावण्याआधी दोनशे पानी वही घेतली आणि मामंजींना रोज संध्याकाळी तासभर बसवलं. त्यांनी भाव सांगायचा, आम्ही विचारायचं, "का?" पहिल्या दोन दिवसांनंतर ते वैतागले. पण त्या 'का'शिवाय एकही ओळ लिहून होत नव्हती.

त्याच वहीत एका संध्याकाळी 'आपली माणसं' असा शब्द आला. मामंजी जुन्या मराठी घरांना सुट्या मालावर थोडा कमी भाव लावायचे. त्यात वाईट हेतू काही नव्हता. आजेसासऱ्यांच्या वेळी ह्या गावात एकमेकांना धरून राहण्याची गरज होती, त्यातून ती रीत पडली. डोक्यात होती तोवर ती प्रेमळ दिसत होती. पण सॉफ्टवेअरमध्ये ती घालायची म्हणजे गिऱ्हाइकाच्या नावापुढे 'मराठी' असा रकाना करून त्यात खूण करायची. आम्ही दोघी एकमेकींकडे बघत राहिलो. समोरच्या गल्लीतले माळवी काका चाळीस वर्षं आमच्याकडून महिन्याचा किराणा नेतात, मामंजींच्या आजारपणात रात्री हॉस्पिटलात तेच बसले होते. त्यांच्या नावापुढे ती खूण करायची नाही? आणि परवा पुण्याहून बदली होऊन आलेल्या, पुन्हा कधी न येणाऱ्या माणसाच्या नावापुढे करायची?

मामंजी बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "ज्यांचं खातं जुनं, ते आपले." नियम तसाच लिहिला. दहा वर्षांपेक्षा जुनं खातं असेल त्याला सुट्या मालावर दोन टक्के कमी, भाषा कुठलीही असो. इथे बसलेल्या काहीजणींना ह्या नियमामुळे पूर्वीपेक्षा कमी सूट मिळते, हे आम्हाला ठाऊक आहे. एकीने तसं तोंडावर विचारलंही. खरं आहे ते. दहा वर्षं पुरी होऊ द्या.

आता थोडं यंत्राबद्दल. पुष्कळांना वाटतं की पाकिटावरच्या काळ्या पट्ट्यांत किंमत लिहिलेली असते. नसते. त्यात फक्त एक आकडा असतो, बहुतेक तेरा अंकी. किंमत आपण आपल्या यादीत भरलेली असते, यंत्र आकडा वाचून ती तिथून आणतं. (सुरुवातीला ८९० असलं म्हणजे माल भारतात बनला, हाही गैरसमज. तो आकडा भारतातल्या जीएस१ संस्थेकडे नोंदवला आहे, एवढाच त्याचा अर्थ.) आमच्या वजनकाट्यातून निघणाऱ्या चिठ्ठ्यांचा आकडा २ने सुरू होतो, कारण २ने सुरू होणारे आकडे दुकानाच्या अंतर्गत वापरासाठी राखलेले आहेत. त्यात आम्ही आधी वस्तूचा नंबर आणि मग वजन बसवलं आहे. काट्यात एक रचना आणि संगणकात दुसरी असली, तर पाव किलो शेंगदाणे अडीच किलो होऊन बिलात येतात. तेव्हा काटा घेताना ही एक गोष्ट विक्रेत्यासमोर स्वतः करून बघा.

खरी गंमत पुढे आहे. त्याच साबणाची जुनी वडी आणि नवी वडी, दोन्हींवर आकडा एकच, पण छापील किंमत वेगळी. जुनीवर कमी, नवीवर जास्त. सॉफ्टवेअरमध्ये एका आकड्याला एकच किंमत ठेवली, तर नवी किंमत भरल्याबरोबर फळीवरची जुनी वडीही वाढीव किमतीला विकली जाते. आणि छापील किमतीपेक्षा एक रुपयाही जास्त घेणं हा वजनमापाच्या कायद्याने गुन्हा आहे, कारण छापील किमतीत सगळे कर धरलेले असतात. म्हणून एका आकड्याखाली दोन किमती ठेवायची सोय हवी आणि विकताना पडद्याने विचारायला हवं, "कुठली?" काउंटरवरच्या मुलाला पाकीट उलटून बघावं लागतं, दोन सेकंद जातात. ते जाऊ द्यावेत. सॉफ्टवेअर घेताना आम्ही पहिला प्रश्न हाच विचारला, आणि दोन विक्रेते तिथेच अडखळले.

सुट्या मालाचं निराळं. सुट्या पोह्यांवर जीएसटी नाही. तेच पोहे पंचवीस किलोपर्यंतच्या पाकिटात आधीच भरून लेबल लावलेले असले, की जुलै २०२२पासून पाच टक्के. म्हणजे आपल्या दृष्टीने पोहे एकच, पण यादीत त्या दोन वस्तू. नावंसुद्धा स्पष्ट वेगळी ठेवा, नाहीतर घाईत हाताला येईल ते बटण दाबलं जातं.

नियम दहा-बारा झाले की ते एकमेकांवर चढायला लागतात. आमच्या वहीतलंच उदाहरण देतो. सुटे पोहे, खेरचीला ६० रुपये किलो. केटररला ५५. पंचवीस किलोच्या वर घेतले तर आणखी एक रुपया कमी, ५४. गणपतीच्या दहा दिवसांत सगळ्या सुट्या मालावर पाच टक्के सूट. हे चारही नियम वेगवेगळे वाचले तर शहाण्यासारखे आहेत. आता गणपतीत एक केटरर तीस किलो पोहे घ्यायला आला. सॉफ्टवेअरने तिन्ही सवलती एकावर एक लावल्या, तर भाव येतो ५१ रुपये ३० पैसे. आमची खरेदी गाडीभाड्यासकट ५२. तीस किलोमागे एकवीस रुपये खिशातले गेले. एकवीस रुपयांनी दुकान बुडत नाही, पण गणपतीत केटरर एकटा येत नाही आणि पोहे एकटे जात नाहीत. आणि बिल इतकं नीटनेटकं छापून येतं की त्यात काही वावगं आहे अशी शंकाही येत नाही.

म्हणून आम्ही वहीच्या पहिल्या पानावर, लाल शाईने, तीन ओळी लिहिल्या. एका वस्तूवर एकच सवलत. एकापेक्षा जास्त लागू होत असतील, तर गिऱ्हाइकाच्या फायद्याची जी असेल ती. आणि खरेदीच्या खाली भाव गेला तर यंत्राने थांबून आमच्यापैकी एकीला विचारायचं. वरच्या उदाहरणात केटररला भाव मिळतो ५४. त्याचं समाधान, आमचंही. सॉफ्टवेअरमध्ये ह्याला नियमांचा अग्रक्रम म्हणतात. प्रत्येक नियमापुढे आकडा द्यायचा असतो, लहान आकड्याचा नियम आधी. काही सॉफ्टवेअरांत उलटं असतं, मोठा आकडा आधी. ते विचारून घ्या.

सवलतीचा क्रमसुद्धा फरक करतो. पाचशेच्या बिलावर आधी दहा टक्के आणि मग वीस रुपये सोडले तर ४३० होतात. आधी वीस रुपये आणि मग दहा टक्के, तर ४३२. दोन रुपयांवरून काउंटरवर भांडण होताना आम्ही पाहिलं आहे, आणि भांडणारं गिऱ्हाईक बरोबर होतं.

'नफा टक्के' नावाचा एक रकाना असतो, त्यापासून जपून. शंभराची वस्तू, वीस टक्के नफा. विकायची कितीला? बहुतेकजणी म्हणाल १२०. खरेदीवर वीस टक्के धरले तर १२० बरोबर. पण काही सॉफ्टवेअर विक्रीवर धरतात, म्हणजे विक्रीच्या किमतीतले वीस टक्के नफ्याचे. मग ती वस्तू १२५ला जाते. घरून चकली-चिवड्याचा फराळ करून विकणाऱ्या पुष्कळजणी इथे आहेत. तुमच्याकडे संगणक नसेल, वहीच असेल, तरी हा प्रश्न तुमचाही आहे. 'वीस टक्के सुटतात' असं आपण म्हणतो, ते कशावरचे, हे एकदा ठरवा. आणि खरेदीत गॅस, तेल, पाकिटं धरा. स्वतःची मजुरी धरायला आपण बायका नेहमी लाजतो. तीही धरा.

आता जे सांगायला आम्ही मुख्यतः आलो, ते. २२ सप्टेंबर २०२५ला, घटस्थापनेच्या दिवशी, जीएसटीचे दर बदलले. साबण, शांपू, टूथपेस्ट, केसांचं तेल १८वरून ५वर आलं. तूप, लोणी, पाकिटातलं फरसाण १२वरून ५वर. सॉफ्टवेअरवाल्याने आदल्या दिवशी निरोप पाठवला की अमुक बटण दाबा, सगळे दर आपोआप बदलतील. आम्ही बटण दाबण्याआधी एका साबणाचा हिशेब कागदावर केला. किंमत ५९ रुपये, सगळ्या करांसकट. १८ टक्क्यांच्या वेळी त्यात साबणाचे ५० आणि कराचे ९. कर ५ टक्के झाला, तर ५० वर अडीच, म्हणजे साबण साडेबावन्नला जायला हवा. पण यंत्रात 'किंमत करासकट' असा नियम बसवलेला असतो. नुसता कराचा दर बदलला, तर ते ५९ला हातच लावत नाही. ते ५९ची नव्याने फोड करतं: साबणाचे ५६ रुपये १९ पैसे, कराचे २ रुपये ८१ पैसे. गिऱ्हाईक पूर्वीएवढेच पैसे देतं, आणि सरकारने सोडलेले सहा रुपये एकोणीस पैसे दुकानदाराच्या गल्ल्यात पडतात.

दुकानदाराने काहीही केलेलं नसताना. बटण दाबलं, एवढंच. बिलावर दर बरोबर छापलेला असतो, बेरीज बरोबर असते. विचारलं तर दुकानदार प्रामाणिकपणे म्हणेल की आम्ही नवा दर लावला.

जुन्या मालावर आम्ही भरलेला १८ टक्के कर आमच्या खात्यात जमा होता, पुढच्या करातून वळता होणार होता. तेव्हा ५९ला विकायला काही सबब नव्हती. आम्ही दोघी आणि काउंटरवरची दोन्ही मुलं रविवारी रात्री उशिरापर्यंत बसलो. दर बदलला त्या प्रत्येक वस्तूची करावाचून किंमत काढली, तिच्यावर नवा कर चढवला आणि विक्रीची किंमत हाताने भरली. साडेतीनशेच्या वर वस्तू होत्या. सकाळी घट बसवायचे होते, थोरल्या जाऊबाई पहाटे पाचला उठून पुन्हा स्वयंपाकघरात. त्या दिवसानंतर नियमात आम्ही एक बदल केला: कराचा दर बदलला की त्या वस्तूची विक्री थांबते आणि नवी किंमत कुणीतरी बघून मान्य केल्याशिवाय सुरू होत नाही. पुन्हा दर बदलतील तेव्हा गैरसोय होणार आहे. होऊ दे.

पूजेच्या संचाचंही सांगतो, कारण दरवर्षी विचारणा होते की संचाच्या बिलात चार ओळी का येतात. नारळ, कुंकू, वाती ह्यांच्यावर कर नाही, उदबत्तीवर पाच टक्के. समजा नारळ ३०, कुंकू १०, वाती २०, उदबत्ती ४०, मिळून शंभर, आणि संच आम्ही नव्वदला देतो. 'संच, रुपये ९०' अशी एकच ओळ एका किमतीला लावली, तर कायद्याच्या भाषेत तो मिश्र पुरवठा होतो आणि त्यातला सर्वांत वरचा दर सगळ्याला लागतो. मग नव्वदच्या आत ४ रुपये २९ पैसे कर. वस्तू वेगवेगळ्या दाखवून प्रत्येकीवर दहा टक्के सूट दिली, तर कर फक्त उदबत्तीच्या ३६ रुपयांत, १ रुपया ७१ पैसे. तुम्ही दोन्हीकडे नव्वदच देता. पण नारळावर कर भरायचा कशाला?

पैशांच्या पूर्णांकाचा प्रश्न नवा नाही. आजेसासऱ्यांची १९५७ची वही आमच्याकडे आहे. त्या वर्षी १ एप्रिलला नवे पैसे आले, रुपयाचे १६ आणे होते त्याचे १०० पैसे झाले, आणि एका आण्याचे सव्वासहा. सव्वासहा पैसे कोण कुणाला देणार? वहीच्या पुठ्ठ्याच्या आत त्यांनी स्वतःसाठी कोष्टक करून ठेवलं आहे. आमच्याकडे नियम असा, की ओळीवर पैसे तसेच ठेवायचे, फक्त शेवटची बेरीज पूर्ण रुपयात करायची. ११ रुपये ७० पैशांच्या तीन ओळी असतील आणि प्रत्येक ओळ पूर्ण केली, तर ३६ होतात. शेवटी केली तर ३५. एक रुपया तुमचा.

राहिला हाताने भाव बदलण्याचा अधिकार. काउंटरवरची मुलं एका बिलात पाच रुपयांपर्यंत सोडू शकतात. त्याच्या वर आमच्यापैकी एकीचा गुप्त आकडा लागतो, आणि कुणी, कधी, किती सोडलं ह्याची नोंद राहते. मुलांना सुरुवातीला हे आवडलं नाही, आपल्यावर पाळत आहे असं वाटलं. मग एकदा गल्ल्यात चारशे रुपये कमी भरले, आणि नोंदीवरून पाच मिनिटांत कळलं की ते एका परतीच्या मालाचे होते. ज्याच्यावर संशय गेला असता, तो मुलगा आता नव्या मुलाला ही नोंद कशी बघायची ते स्वतः शिकवतो.

आणि काही घरं अशी असतात, ज्यांना पूर्ण भाव परवडत नाही आणि मागवतही नाही. मामंजी त्यांना गुपचूप कमी लावायचे. वहीत त्यांची नावं त्यांनी सांगितली नाहीत, एकेका संध्याकाळी नुसता दुकानाचा कोपरा दाखवून म्हणायचे, "त्या येतात ना, त्यांचं बघा." ह्याचा नियम केला नाही. सॉफ्टवेअर तर 'विशेष सूट' असं ठळक अक्षरांत छापायला तयार होतं. ते आम्ही बंद करून घेतलं. त्या आल्या की आमच्यापैकी एक काउंटरवर जाते, आकडा घालते, आणि बिलावर फक्त वस्तू आणि भाव येतो. काउंटरवरची मुलं त्या वेळी पडद्याकडे बघत नाहीत. त्यांना तसं कुणी सांगितलेलं नाही.

ज्यांना हे बसवायचं आहे त्यांच्यासाठी एवढंच: हरतालिकेच्या आठ दिवस आधी सगळे नियम पक्के करा. बारा-पंधरा बिलं हाताने कागदावर करा, तीच यंत्रावर करा, आणि दोन्ही जुळतात का बघा. त्यात एक बिल केटररचं, एक जुन्या खात्याचं, एक परतीच्या मालाचं असू द्या. फळीवरच्या पाट्या त्याच दिवशी बदला. आणि एकदा गणपती बसले की दहा दिवस कुठल्याही नियमाला हात लावू नका, कितीही मोहाची कल्पना सुचली तरी. नारळ तेवढा अपवाद. त्याचा भाव सकाळ-संध्याकाळ बदलतो, तो आम्ही अजून खडूने पाटीवर लिहितो आणि काउंटरवर हाताने घालतो.

वही आम्ही बरोबर आणली आहे. ज्यांना बघायची असेल त्यांनी चहाच्या वेळी टेबलापाशी यावं. शेवटची चार पानं मात्र पिनांनी बंद केली आहेत, ती उघडू नका.